पॅडचा फरक

देवेशने डाव्या बाजूचा रेक्झिनचा पॅड अंगठ्याच्या नखाने उचकटला, उजव्या बाजूचाही काढला आणि त्यांच्या जागी मखमली पॅड बसवून हेडफोन पुन्हा कानांवर चढवला. सकाळपासूनची ही सहावी खेप. मान अवघडली होती, डोळे चुरचुरत होते. त्याने कॉम्प्युटरवर गाणे पुन्हा पहिल्यापासून लावले.

मखमलीत ढोलकीचा घुमारा जरा ओसरायचा, रेक्झिनमध्ये तो कानाशी येऊन बसायचा. एवढे त्याला स्वच्छ कळत होते. पण ज्या फरकासाठी प्रितेशने मुंबईच्या मित्राकडून हे दोन्ही नवे जोड मागून आणले होते, तो काही केल्या सापडत नव्हता.

प्रितेश स्टुडिओचा मालक. वळ गावची जमीन गोदामांना गेल्यावर त्याने खारबावच्या घराच्या माडीवर हा स्टुडिओ काढला. आगरी लग्नगीतांच्या सीड्या इथे तयार होत आणि गेली आठ वर्षे त्यांचे मिक्सिंग देवेश करी. खाली बिऱ्हाड असल्याने स्पीकर मोठे लावायची सोय नव्हती. सगळे काम हेडफोनवर. गेल्या दोन हंगामांत मात्र गावोगावहून एकच तक्रार येत होती, आवाज कानात टोचतो. देवेशने दोष जुन्या पॅडना दिला. वापरून ते चपटे झालेत, आतला स्पीकर कानाला टेकतो, मग खरा आवाज कळणार कसा? प्रितेशला ते पटले होते. देवेशलाही.

दोन हातांवर चटईवर जानकीबाई बसल्या होत्या. लग्नात धवले गाण्यासाठी त्यांना दहा गावांतून बोलावणे येई. एक कडवे पुन्हा गायचे होते, म्हणून त्या थांबल्या होत्या.

देवेशला त्यांचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटला. त्याने आवाजाची धार वाढवणारे ट्रेबलचे बटण थोडे वर फिरवले, मग आणखी थोडे. जानकीबाईंनी डोळे मिटून घेतले.

"पोरा, माझ्या बांगड्या टोचतान."

देवेशने एक कान मोकळा केला.

"तुम्हाला तिथून ऐकू येतं, आत्या?"

"त्याच्या पाठीला जाळी हाय ना. समदा भायेर येतं."

ते खरेच होते. जाळीचा हेडफोन त्याने मुद्दाम निवडला होता. दिवसभर घातला तरी कान कोंडत नसत. त्याने गाणे मागे नेले आणि श्वास रोखून ऐकले. आवाज होता, ढोलकी होती. मांडीवर ठेका धरताना वाजलेल्या बांगड्या कुठेच नव्हत्या.

"आत्ता आहेत?"

"हाय." त्यांनी बोट चटईवर टेकवले. "आत्ता हाय. ही परत हाय."

देवेश त्या बोटाकडे बघत राहिला. बोट बरोबर ठेक्यावर पडत होते. त्याने पुन्हा रेक्झिनचे पॅड चढवले. बोट पडतच राहिले, कानात काही आले नाही.

जानकीबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि त्याच्या अगदी समोर येऊन बसल्या. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"लूमच्या खडखडाटात किती वर्सं व्हतास?"

"नऊ. शाळा सुटली तेव्हापासून."

"आमचे घरधनी बावीस. पयल्या त्यांच्या कानातनं चिमण्या गेल्या. मंग माझ्या बांगड्या. मंग नातवंडांचा बोलना."

"मला वाटलं, पॅडमुळे..." देवेश म्हणाला. हातातला मखमली पॅड तो बोटांनी उलटसुलट करत राहिला.

मग त्याने हेडफोन उतरवून त्यांच्या कानांवर ठेवला.

"टोचायचं थांबलं की सांगा."

तो बटण केसाकेसाने खाली आणू लागला. जिथे त्याचा हात रोज थांबायचा, ती जागा केव्हाच मागे पडली. जानकीबाईंच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली.

"बस."

त्याने हेडफोन स्वतःच्या कानांना लावून पाहिला. गाणे विझल्यासारखे होते. त्याने बटणावरचा हात काढून घेतला आणि ते तसेच ठेवले.

प्रितेश जिना चढून आला, उभ्याउभ्याच ऐकू लागला. अर्ध्या मिनिटात त्याने देवेशच्या पाठीवर थाप मारली.

"झक्कास! बघ, सगळी पॅडचीच भानगड. कुठले ठेवायचे, बोल."

"कुठलेही ठेव. मिक्सिंगला मात्र दुसरं कोणीतरी बघ. मी माइक लावीन, वायरी बघीन."

प्रितेश हसला. माउस हातात घेऊन तो स्क्रीनकडे वळला आणि तसाच, पाठमोरा, काहीतरी म्हणाला.

देवेशला त्यातला एकही शब्द कळला नाही. त्याने जानकीबाईंकडे पाहिले.

"दमलास, दोन दिस सुट्टी घे," त्या त्याच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाल्या, "असा बोलतंय तो."

माउसवरचा प्रितेशचा हात थांबला. त्याने मागे वळून आधी जानकीबाईंकडे पाहिले, मग देवेशकडे.

"गेलेले कान सुट्टीनं नाही परत यायचे रे," देवेश म्हणाला.