रिकामा खल

उषाबाईनं लाल फडक्याचं गाठोडं तळ्यात सोडलं आणि ते बुडेपर्यंत नजर हटवली नाही. चार बुडबुडे आले. मग पाणी पुन्हा सपाट झालं.

"दादा राजी हायेत ना, मावशी?" कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या पास्टर प्रफुल्लनी दुसऱ्यांदा विचारलं.

तिनं मान डोलावली. ताराचंदला, आपल्या नवऱ्याला, तिनं विचारलंच नव्हतं.

पास्टरांनी एक हात तिच्या पाठीला लावला, दुसरा डोक्यावर ठेवला, आणि तिला पाण्याखाली नेऊन वर काढलं. काठावरच्या पाच-सहा बायकांनी गाणं धरलं. उषाबाईचा बाप्तिस्मा झाला.

यासाठी ती अकरा वर्षं थांबली होती. मोहाडीत पास्टरांच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये दर रविवारी प्रार्थना होई. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट हातोहात फिरे. बाप्तिस्मा झालेल्यांनीच त्यातलं घ्यायचं. उषाबाईपाशी ताट आलं की शेजारची शकुनबाई तिच्यापुढून हात लांबवून ते पलीकडे देई.

"माहा विश्वास हाय ना येशूवर," ती एकदा पास्टरांना म्हणाली होती. "तारणाले तेवढा पुरत नाही काय?"

"विश्वासच लागते, मावशी. पण घरात दुसरे देव ठेवून केलेला विश्वास अर्धा असते. पुरतं सोपवा लागते. आपल्या हातानं बांधा, आपल्या हातानं सोडा. अन एकदा गाठ मारली का उघडून पाहू नका. लोटाच्या बायकोनं मागं पाहिलं, तं मिठाचा खांब झाली."

म्हणून शनिवारी दुपारी तिनं कोनाड्यातले पितळेचे पाच देव बांधले, गाठोडं पलंगाखाली सरकवलं आणि कोनाड्याचा पडदा ओढून घेतला. रविवारी सकाळी ताराचंद आंघोळ करून पूजेला थांबलाच नाही. विळा घेऊन धान कापायला निघून गेला. येशूनंच वाट मोकळी केली, असं तिला वाटलं.

घरी येऊन तिनं ओले केस पुसले, चूल पेटवली आणि लसूण ठेचायला पितळी खल पुढे ओढला. आत बत्ता नव्हता. तिनं फळीवर पाहिलं. पाटाखाली, पाण्याच्या गुंडामागे पाहिलं. मग तिचा हात तसाच थांबला. गाठोडं एकाच बाजूला कलत होतं, हे त्या हाताला आता आठवलं.

ती उठली आणि कोनाड्याचा पडदा बाजूला केला.

पाचही देव आपापल्या जागी होते. पुढे झेंडूचं ताजं फूल होतं.

 ती भिंत धरून खाली बसली.  ताराचंद दारात कधी येऊन उभा राहिला, तिला कळलं नाही.

"काल तू नळावर गेली, तवा गाठोड्यातलं बदलवलं. अन आज तू गेल्यावर येऊन पूजा केली," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

"मले सांगतलं काहून नाही?"

"तू सांगतलं व्हतं?"

तिनं झेंडूच्या फुलाकडे पाहिलं.

"म्या तुले अडवलं असतं काय? अकरा वर्सं गाडीवर बसवून मोहाडीले कोण सोडून देते? पण हे देव माह्या बापाचे हायेत, उषा. सोडाचं व्हतं तं आपलं सोडाचं. माह्याले काहून हात लावला?"

तिनं विचारलं, "मंग बत्ताच काहून टाकला?"

"वजनाचं तेच सापडलं." त्यानं रिकाम्या खलाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "तो तुह्या मायचा व्हता. नाही?"

लग्नात आईनं भंडाऱ्याहून आणून दिलेला. माहेरची म्हणून घरात तेवढी एकच वस्तू होती.

"हो," ती म्हणाली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रार्थना सुरू व्हायच्या आधी, उषाबाई सगळ्यांसमोर उभी राहिली.

"मी खोटं बोलली, पास्टर. मालकाले इचारलं नव्हतं. देव घरीच हायेत."

पास्टरांच्या हातातलं बायबल अर्धवट उघडलेलं राहिलं.

"मंग पाण्यात काय गेलं, मावशी?"

"बत्ता. माह्या मायचा."

मागे कोणीतरी खुदकन हसलं.

"हासते काय वं?" शकुनबाई मागे वळून म्हणाली. 

  पास्टरांनी बायबल मिटलं, पुन्हा उघडलं, आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात प्रार्थना सुरू केली.

ताट निघालं. एकेका हातातून ते उषाबाईच्या पुढ्यात आलं. तिनं भाकरी घेतली नाही, ताट पुढेही दिलं नाही. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून ती बसून राहिली. शकुनबाईनं सवयीनं हात लांबवला. तो मध्येच थांबला. तिनं पास्टरांकडे पाहिलं.

ताट फिरत असताना पास्टर नेहमी डोळे मिटून प्रार्थना करत. आज ते उघडे होते, उषाबाईच्या उताण्या हातांवर खिळलेले.

शकुनबाईनं हात मागे घेतला. ताट पुढे सरकलं नाही.