पस्तीस सेकंद आधी

आमच्या खालच्या मजल्यावर भाग्यलक्ष्मीच्या घरी चौकार आधी बसतो आणि आमच्या घरी नंतर. हे मला गेल्या वर्षी कळलं, आणि कळल्यापासून मी त्याचा जेवढा फायदा घेतला तेवढा नारायणगुड्यात दुसऱ्या कुणी घेतला नसेल. त्यांच्याकडे जुनं केबलचं कनेक्शन आहे. आमच्याकडे सामना इंटरनेटवरून येतो. मैदान तेच, खेळाडू तेच, पण आमच्याकडे सगळं पस्तीस सेकंद उशिरा. मी घड्याळ लावून मोजलंय.

भाग्यलक्ष्मीचा नवरा शिवराज जिन्यात भेटला की चिडवायचा, "तारामतीकाकू, तुमची मॅच शिळी, आमची ताजी. केबल कायकू तोडलात?" मी हसून पुढे जायची. शिळी मॅच मी मुद्दाम मागून घेतलीय, हे त्याला काय सांगणार?

कारण आमचे हे. नाव हिम्मतराव आणि काळीज चिमणीचं. बेगम बाजारात चाळीस वर्षं मिरचीच्या पोत्यांमध्ये बसून व्यापार केला, कुणाला भ्याले नाहीत, पण दोन वर्षांपूर्वी छाती उघडून तीन नळ्या बदलाव्या लागल्या. डॉक्टरांनी बजावलं की आता धक्का नको, आनंदाचाही नको. आणि आमची एकुलती एक मुलगी त्रिवेणी विकेटकीपर. टीव्हीवर दिसणाऱ्या सामन्यांत खेळणारी. अशा बापाला धक्क्यापासून लांब ठेवायचं तरी कसं?

मी केबल काढून टाकली. बायकांची लीग केबलवर दाखवत नाहीत, असं धडधडीत खोटं ह्यांना सांगितलं. मग त्रिवेणी खेळायला आली की मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहते. ती खिडकी डक्टमध्ये उघडते, आणि डक्टमधून खालचा टीव्ही, खालची तेलुगू कॉमेंट्री आणि त्याहून मोठी खालची भाग्यलक्ष्मी, सगळं वर येतं. ती ओरडली "मारली, मारली!" की मी चहा घेऊन निवांत बाहेर येते आणि ह्यांच्या शेजारी बसून चौकार बघते. ती "च्च, गेली गं" म्हणाली की माझ्या हातात पस्तीस सेकंद असतात. "अहो, दार वाजतंय बघा." हे उठतात, दार उघडतात, बाहेर कुणी नसतं. परत येईपर्यंत त्रिवेणी तंबूत गेलेली असते आणि मी सांगते, "झाली आउट, पण बावीस केले हो, छान खेळली." माझ्या तोंडून ऐकलं की ह्यांना काही होत नाही. वर्षभरात ह्यांनी लेकीला बाद होताना एकदाही पाहिलेलं नाही. आपलं नशीबच तसं, असं त्यांना वाटतं.

मला माझ्या हुशारीचा गर्व होता. उगाच कशाला नाही म्हणू?

आता जी गोष्ट मी लपवली होती ती सांगते. बडोद्याच्या सामन्याच्या अठरा दिवस आधी त्रिवेणी घरी आली होती. सकाळी सरावाला गेली आणि दुपारी रिक्षाने परत आली, डाव्या कानाच्या वर हात धरून. हेल्मेट न घालता कीपिंग करत होती, चेंडू उसळला. दुपारभरात दोनदा उलटी झाली. हे तेव्हा दुकानात मुनीमजींशी गप्पा मारायला गेले होते. मी तिला गुपचूप कोठी भागातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, डोक्याचा फोटो काढला आणि म्हणाले, "तीन आठवडे चेंडूसमोर उभं राहायचं नाही. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर मी कुठलीच खात्री देणार नाही."

त्रिवेणीने रिक्षातच माझा हात धरला. "आई, टीममध्ये कुणाला सांगू नक्को. वर्षभर कधी आत, कधी बेंचवर, आत्ता कुठं जागा पक्की व्हायलीय. तुला माझी शपथ. आणि पप्पांना तर बिलकुल नक्को." ह्यांना सांगायचं नाही हे मला सोयीचंच होतं. मी डॉक्टरांचा कागद फाडला. ती बडोद्याला निघून गेली. सामन्याच्या दिवशी तीन आठवड्यांना तीन दिवस कमी पडत होते. तीन दिवसांनी काय होतंय, असं मी स्वतःला समजावलं. रोज समजावलं, आणि रोज देवापुढे एक दिवा जास्तीचा लावला.

त्या दिवशी सामना दुपारी साडेतीनला होता. त्रिवेणी पाचव्या नंबरला खेळायला आली तेव्हा मी खिडकीशी पोचलेही होते. हेल्मेट आहे डोक्यावर, आता काय होणार, असं म्हणत मी ओट्याची कड धरून उभी होते. खालून पहिली आरोळी आली. "मारली गं बाई!" मी बाहेर जाऊन बघितलं, सुरेख कव्हर ड्राइव्ह. ह्यांनी मांडीवर थाप मारली. मी परत आत गेले. पुन्हा आरोळी, पुन्हा चौकार. मला जरा धीर आला. कपात चहा ओतायला घेतला.

तेव्हाच डक्टमधून भाग्यलक्ष्मी किंचाळली.

"अय्यो देवा! डोक्याला! पोरीच्या डोक्याला लागला हो!"

मग शिवराजचा दबका आवाज, "आवाज बंद कर, वर ऐकू जाईल." आणि खालचा टीव्ही एकदम गप्प झाला.

चांगली माणसं आहेत ती. माझ्यासाठीच त्यांनी आवाज बंद केला. पण त्या शांततेने मला जेवढं घाबरवलं तेवढं किंकाळीनेही घाबरवलं नव्हतं. चहा ओट्यावरून खाली गळत होता तो मी तसाच सोडला.

बाहेर आले तर टीव्हीवर त्रिवेणी हसत होती. हातमोज्याचा पट्टा दातांनी ओढत समोरच्या मुलीला काहीतरी सांगत होती. धडधाकट, घामेजलेली, माझी लेक. बडोद्याच्या मैदानावर ती आत्ता पडलेली होती आणि माझ्या घरात ती हसत होती.

"बघ, कशी उभी राहिलीय," हे म्हणाले. "आज काही तिला कुणी आउट करत नाही."

"अहो, दार वाजतंय."

"वाजू दे. माझी पोरगी खेळायलीय."

"अहो, बघा ना, कुरिअर असेल."

"तू बघ."

रिमोट त्यांच्या मांडीखाली होता. वर्षभर ज्या पस्तीस सेकंदांचा मला गर्व होता ते माझ्यासमोर संपत होते आणि मला काहीही करता येत नव्हतं. गोलंदाज मुलगी मागे वळून चालत निघाली होती. शेवटी मी जाऊन टीव्हीच्या समोर उभी राहिले, पडद्याकडे पाठ करून, पदर दोन्ही हातांनी पसरून. वेड्यासारखी.

"सरक की तारा! काय करू लागलीस?"

मी सरकले नाही. पण त्यांनी मान वाकडी केली आणि माझ्या कुशीशेजारून त्यांना दिसलंच. मला चेंडू दिसला नाही. मला ह्यांचा चेहरा दिसला. आधी भुवया वर गेल्या, मग तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"पडली," ते म्हणाले.

मी वळले. त्रिवेणी एका कुशीवर होती आणि हेल्मेट तिच्यापासून दोन हातांवर गडगडत होतं. सगळ्या मुली तिच्याभोवती धावत येत होत्या. मी ह्यांच्या छातीवर हात ठेवला. काळीज धडाधडा उडत होतं, पण चालू होतं.

"अहो, ऐका," मी म्हणाले. "हे दुसऱ्यांदा आहे." आणि जे अठरा दिवस गिळलं होतं ते सगळं सांगून टाकलं. चेंडू, उलट्या, कोठीचे डॉक्टर, फाडलेला कागद. सांगताना मला त्यांची भीती वाटली, त्यांच्यासाठी भीती वाटली आणि टीव्हीकडे बघायची तर सगळ्यात जास्त वाटली. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी कुणी परकी बाई आहे.

तेवढ्यात खालून टाळ्या ऐकू आल्या. भाग्यलक्ष्मी मोठ्याने म्हणाली, "उठली! उठली बघा पोरगी! खेळतीय परत!"

आमच्या टीव्हीवर ती अजून पडलेलीच होती. फिजिओ बाई तिच्या डोळ्यांसमोर बोट फिरवत होत्या. वर्षभर खालच्या टाळ्या ऐकून मी सुटकेचा श्वास टाकायची. त्या दिवशी त्याच टाळ्या मला नकोशा झाल्या. म्हणजे ती उठणार, खोटं बोलणार, विचारलेल्या प्रश्नांची बरोबर उत्तरं देणार आणि पुन्हा तिथेच उभी राहणार. पुढचा चेंडू तर कदाचित आत्ताच पडत असेल.

"फोन लाव," हे म्हणाले.

"शपथ घातलीय तिनं. मला आयुष्यभर माफ नाही करणार."

"नको करू दे. लाव."

खेळाडूंचे फोन सामन्याच्या वेळी काढून घेतात. टीमच्या मॅनेजरकडे तेवढा एक असतो. कौस्तुभ नावाचा पुण्याचा मुलगा, त्याने पासेससाठी पालकांना नंबर दिला होता. पहिल्यांदा लावला तेव्हा नुसता वाजत राहिला. दुसऱ्यांदा त्याने उचलला. मागे मैदानाचा गोंगाट होता.

"काकू, घाबरू नका, ती अगदी व्यवस्थित आहे. फिजिओंनी सगळं तपासलं, सगळी उत्तरं बरोबर दिली तिने. आता ती—"

"तिला अठरा दिवसांपूर्वी लागलंय," मी ओरडले. "डोक्यालाच. त्याच बाजूला. दोन उलट्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी तीन आठवडे खेळू नको म्हणून सांगितलं होतं. तिनं तुमच्यापासून लपवलं आणि मीही लपवलं. तिला बाहेर काढा. मी तिची आई आहे, मी सांगतेय, आत्ता काढा!"

पलीकडे तो फिजिओंना हाका मारत धावत सुटल्याचं ऐकू आलं. मग फोन बंद झाला.

टीव्हीवर त्रिवेणी उठली होती. नवं हेल्मेट घातलं, अंगठा वर करून दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती स्टान्स घेऊन उभी राहिली. गोलंदाज तिच्या खुणेकडे चालत गेली आणि वळली. हे माझं मनगट आवळून बसले होते. मी डोळे मिटले नाहीत. मिटले तर काहीतरी होईल असं वाटत होतं, जणू जे व्हायचं ते अजून व्हायचं होतं.

गोलंदाज धावायला लागली आणि पंचांनी हात आडवा केला.

बाहेरून फिजिओ आणि कौस्तुभ धावत आत येत होते. माझ्या छातीतून हुंदका बाहेर पडला. कौस्तुभ त्रिवेणीशी काही बोलला. तिने जोरजोरात मान हलवली. त्याने पंचांना काही सांगितलं. त्रिवेणीने हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं. तिचा तो राग मी ओळखते, लहानपणी भांडी आपटायची तसा. आता तिला कळलं, माझ्या मनात आलं. आई बोलली हे तिला कळलं. रागावू दे. वर्षभर बोलू नको दे, घरी येऊ नको दे, पण शहाणीसुरती राहू दे.

तेवढ्यात खालून हसण्याचा आवाज आला. शिवराज मोठ्याने हसला आणि भाग्यलक्ष्मीही हसली.

ते हसणं ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! हसतायत म्हणजे सगळं ठीक असणार. काहीतरी गंमत झाली असणार, त्रिवेणीने काहीतरी चावटपणा केला असणार. "खाली हसायलेत," मी ह्यांना म्हणाले. ह्यांनी पकड जरा सैल केली. मग खालचं हसणं मधेच थांबलं.

टीव्हीवर कौस्तुभ अजून पंचांशी बोलत होता. त्रिवेणीने बॅट काखेत मारली आणि फिजिओचा हात झटकून एकटीच चालायला लागली. मान ताठ, पावलं भराभर, रागात असली की चालते तशी. कॅमेरा तिच्या मागे मागे गेला. सीमारेषा ओलांडून ती थेट डगआउटमध्ये शिरली आणि एका रिकाम्या खुर्चीवर बसून पॅड सोडू लागली. आजूबाजूच्या मुली एकेक करून उठून उभ्या राहिल्या. त्यांचे कपडे निळे होते. त्रिवेणीचे पिवळे.

फिजिओ धावत आल्या आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. त्रिवेणी त्यांच्याकडे बघत होती, अगदी शांतपणे, ओळख नसल्यासारखी.

ह्यांनी माझ्या मनगटावरचा हात काढला आणि पडद्याकडे बोट केलं. "तारा," ते म्हणाले, "आपली माणसं तर पलीकडं बसलीत. ही इकडं कशाला येऊन बसली?"