लाल सुई

नंदीश डॉक्टरांकडे जाऊन सुई न घेता परतलेला माणूस त्या पेठेत शोधूनही सापडला नसता. ताप असो, अंगदुखी असो, नाहीतर सुनेशी भांडून डोकं चढलेलं असो, डॉक्टर लाल रंगाची सुई टोचायचे आणि माणूस खूश होऊन घरी जायचा. आता त्या सुईत असायचं काय? बी कॉम्प्लेक्स. शक्तीचं जीवनसत्त्व, बाकी काही नाही. डॉक्टरांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याची लाजही वाटायची.

नव्यानं दवाखाना थाटला तेव्हा ते नीट तपासायचे, गोळ्या द्यायचे, पाणी प्या, आराम करा म्हणायचे. लोक म्हणाले, ह्याला काही येत नाही, साधी सुईसुद्धा मारत नाही. महिनाभर माश्या मारत बसल्यावर डॉक्टरांनी ती लाल बाटली आणली, ती तीस वर्षं सुटली नाही. लोकांना खोड होती म्हणावं, तर लावली कुणी?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मात्र त्यांनी सुई बंद केली. लोक मोबाइलवर काहीबाही वाचून यायचे. अमकं इंजेक्शन लिहून द्या, तमकं सलाइन लावा, अहो जंताची गोळी तरी द्या म्हणून हटून बसायचे. डॉक्टर सगळ्यांना एकच सांगत, याचा उपयोग होतो असं सिद्ध झालेलं नाही, मी देणार नाही. शिव्या खाल्ल्या, पण बधले नाहीत. लाल सुईही नको, कारण ती घेतली की माणूस बरा झालो म्हणत बाजारात फिरतो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

अशात एप्रिलातल्या एका सकाळी गुरम्मा आली. कडक भाकऱ्या करून विकणारी ही बाई डॉक्टरांची सगळ्यात जुनी पेशंट. मुलगा प्रभु तिला मोटारसायकलवर घेऊन आला होता. सहा दिवस ताप होता, तरी बसल्या बसल्या डॉक्टरांच्याच तब्येतीची चौकशी करत होती. बोटाला यंत्र लावलं तर ऑक्सिजन शहाऐंशी. डॉक्टरांनी तिथूनच फोन करून मोठ्या दवाखान्यात खाट मिळवली आणि आत्ताच्या आत्ता जा म्हणाले.

गुरम्मा हलेना. शेजारचा निंगप्पा तिथं चालत गेला आणि प्लास्टिकात गुंडाळून बाहेर आला, मला नगो ते, म्हणाली. डॉक्टरांनी समजावलं, रागावले, प्रभुनं हात जोडले. शेवटी तीच म्हणाली, “सुई मारा की डॉक्टर. तुमची सुई मारली की जाते बघा, शपथ.”

डॉक्टर थबकले. देऊ नये हे कळत होतं. पण बाईचं एकेक मिनिट वाया चाललं होतं, आणि सुई दिली तर ती जाणार होती. लहान पोराला खाऊ दाखवून शाळेत धाडतात तसंच हे, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि कपाटातून बाटली काढली. सुई घेऊन गुरम्मा हसत उठली. बाहेर रांग लागली होती, ती कुठल्या बाजूला गेली हे बघायला डॉक्टरांना सवड झाली नाही.

दुपारी त्यांनी मोठ्या दवाखान्यात फोन केला, तर गुरम्मा नावाचं तिथं कुणी आलंच नव्हतं. घाईघाईनं प्रभुला लावला. तो म्हणाला, सुईनं गुण आला डॉक्टर, आव्वाला बरं वाटायलंय, घरीच चल म्हणाली, निवांत झोपलीय. डॉक्टर ओरडले, आधी उठव तिला. प्रभु उठवायला गेला. आव्वा उठेना.

तशीच उचलून नेली. दोन दिवस यंत्रावर काढले आणि गेली.

आठवड्यानं प्रभु स्वतः आला. अंगात ताप, धाप लागलेली, ऑक्सिजन नव्वदच्या आत. त्याच्या मनात काडीचा राग नव्हता. आईचं आयुष्यच तेवढं, तुमी तर जीव तोडून केलं, असं वर डॉक्टरांनाच समजावत होता. मग बाही वर सारून म्हणाला, “आव्वाला दिलती तीच द्या.”

त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं.

“प्रभु, त्या सुईत या रोगाचं औषध नव्हतं,” ते म्हणाले. “ती तिला काही करणार नाही, हे मला माहीत होतं. तू दवाखान्यात जा बाबा.”

प्रभुला कळायला वेळ लागला. “मग आव्वा कशाच्या भरवशावर घरी चल म्हणाली?”

“माझ्या.”

प्रभुनं बाही खाली केली. “आनि आता दवाखान्यात जा म्हणताय, हे तरी खरं कशावरून?” एवढं बोलून तो उठला आणि बाहेर पडला.

डॉक्टर मागोमाग धावले. भर उन्हात, सगळ्या रांगेसमोर त्यांनी मोटारसायकलचं हँडल धरलं आणि साठीला टेकलेला तो माणूस पोराच्या विनवण्या करू लागला. प्रभु किक मारत राहिला. तिसऱ्या किकला दम पुरेना, तो तिथंच फुटपाथवर बसला. मग रांगेतल्या दोघांच्या मदतीनं डॉक्टरांनी त्याला आपल्या गाडीत घातलं. वाटेत डॉक्टर गाडी चालवत रडत होते.

प्रभु वाचला. भाकऱ्यांचं दुकान आता त्याची बायको बघते. डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी त्या घरातलं कुणी पुन्हा चढलं नाही, पोराला ताप आला तरी दोन गल्ल्या लांब जातात. डॉक्टरांना त्या घरच्यांचं चुकतं असं कधी वाटलं नाही.