टेम्पो घेऊन या

रेणापूरजवळच्या त्या गावातून कायमचं असं कुणीच गेलं नव्हतं. जो तो दोन वर्षांसाठी गेला होता. कुणी पोराच्या शाळेसाठी, कुणी गुडघ्याच्या इलाजासाठी, कुणी नुसतं "बघून येतो" म्हणून. जाताना चावी वैजनाथकडे. गल्लीत अकरा घरं, त्यातल्या दहांच्या चाव्या त्याच्या खुंटीला. लक्ष ठेवण्याजोगं काही उरलं नव्हतं, तरी तो ठेवत होता.

अकरावं घर त्याचं. त्यातूनही बायको जया पोरीला, दीपालीला, घेऊन लातुरात क्लासेसमागच्या एका खोलीत राहिली होती. पोरीची डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा होईपर्यंत. दोनच वर्षं. तेवढ्यात वैजनाथ भाकरी थापायला शिकला. दारातल्या कुत्र्याचं मत वेगळं होतं; ते भाकरी नुसती हुंगून जायचं.

दीपालीचा नंबर नांदेडला लागला. तिला हॉस्टेलात सोडल्यावर चौथ्या दिवशी जयाचा फोन आला, "रविवारी टेम्पो घेऊन या."

वैजनाथने भिंतींना चुना मारला, बाज आवळली, मसाल्याचे डबे घासून उन्हात पालथे घातले. रविवारी रेणापूरच्या अमरनाथचा टेम्पो घेऊन तो लातुरात हजर.

जयाने खाली येऊन टेम्पोत डोकावून बघितलं. "रिकामाच आणला?"

"मग? तुझं सामान भरायला आलोय न्हवं."

"अहो, घरचं सामान मागवलं हुतं मी. मोठं पातेलं, परात, कपाट."

तिच्या मागोमाग तो जिना चढून खोलीत आला. तिथे स्टीलच्या डब्यांची रांग होती. प्रत्येकावर एका पोराचं नाव.

"बावीस पोरं जेवतात माझ्याकडं. काकू काकू करतात."

"आठ आठ दिवस नळ न्हाई तुझ्या लातुरात."

"येतो तवा जिन्यात बारा बाया भांडतात. आपल्या गल्लीत भांडायला कोण हाय?"

वैजनाथने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. सटवाजी होता. पण तो दिवाळीत मुदखेडला लेकीकडे गेला होता. दोन वर्षांसाठी.

"तुम्ही बी या की," जया कणकेकडे बघत म्हणाली.

"लोकांच्या चाव्या हायत माझ्याकडं."

"किती जण न्यायला आले?"

"येतील की. दोनच वर्षं म्हणून गेलेत."

जया हसली नाही. तिने एक डबा भरला. तेविसावा. त्यावर नाव नव्हतं. "गरम हाय तवर खा," म्हणाली.

खाली अमरनाथने टेम्पोचा मागचा फाळका उघडून ठेवला होता. "मामा, काय काय भरायचंय?"

वैजनाथने डबा दाखवला.

"मांडीवर घ्या की. सांडंल."

"एवढा टेम्पो आणलाय," वैजनाथ म्हणाला, "मागंच ठिव."

रेणापूर येईपर्यंत डबा मागच्या पत्र्यावर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात घरंगळत राहिला. प्रत्येक वळणाला वैजनाथ तेवढं ऐकत होता.