सत्तावीस मिनिटांचा घोडा

घोड्याने राजासमोरचं प्यादं टिपलं, घड्याळाची कळ दाबली गेली आणि प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेतून कोणीतरी "अरे बाप रे" म्हणालं. ऑपरेटरने नेहमीप्रमाणे दोन्ही हात मांडीवर ठेवले. चाल झकास होती. किल्लेकोटात निवांत बसलेल्या राजाच्या दारावरच घोडा जाऊन आदळला होता. समोर ग्रँडमास्टर पुढे वाकले, मग मागे रेलले, मग त्यांनी कोट काढून खुर्चीला लावला.

ऑपरेटरचं काम म्हटलं तर पोरखेळ. संगणक पडद्यावर चाल दाखवणार, याने ती पटावर करायची. ग्रँडमास्टरांची चाल कीबोर्डवर टाइप करायची. चेहऱ्यावरची रेषही हलता कामा नये. हा संगणक तयार करणाऱ्या संस्थेत चोवीस वर्षं दुरुस्तीचं काम करत आलेल्या या माणसाला ते सहज जमे. घरी बायको विचारी, "काय हो, आज किती हमाली झाली हातांची?" तोही ठोकून देई, "अडतीस चाली. डोकं मात्र अगदी कोरं आहे बघ."

कोरं कसलं! तरुणपणी तो जमेल त्या स्पर्धेत खेळायचा आणि हल्ला करायची वेळ आली की कच खाऊन बरोबरी मागायचा. या सामन्यात मात्र गेले चार डाव तो मनातल्या मनात संगणकाच्या आधी चाल ठरवत होता, आणि हल्ल्याची चाल दर वेळी अचूक निघत होती. गडी चांगलाच फुशारला होता. आज पाचव्या डावात घोड्याचा बळी त्याला दोन चाली आधीच दिसला होता.

आता त्याने सहज पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर घोडा नव्हताच. कडेचं प्यादं एक घर पुढे, एवढी मिळमिळीत चाल तिथे वाट पाहत होती. डोळ्यांच्या आधी हात धावला होता.

हात वर करून पंचांना बोलवायचं, एवढंच काम होतं. पण दुसरीही वाट होती. कीबोर्डवर दोन कळा दाबल्या की संगणकाची चाल बदलता येई. चाचण्यांच्या वेळी त्याने ते शेकडो वेळा केलं होतं. यंत्राला काय, ते आपलं त्या घोड्यासकट पुढे खेळलं असतं. कोणाला पत्ताही लागला नसता.

ग्रँडमास्टरांच्या कपाळावर घाम आला होता. आपल्या चालीने! इतका आनंद त्याला उभ्या आयुष्यात झाला नव्हता. दहा मिनिटं गेली, वीस गेली. दोन कळा दाबायला बोट शिवशिवत होतं. पण मग घोडा जन्मभर यंत्राच्या नावावर राहिला असता, आणि समोरचा माणूस आपण कोणाशी झुंजतोय हे न कळताच झुंजत राहिला असता. ते त्याला बघवेना.

सत्ताविसाव्या मिनिटाला त्याने हात वर केला.

"मॅडम, चूक झाली," तो पंचबाईंना म्हणाला. "ही चाल संगणकाची नाही."

"मग कोणाची?"

"माझी."

सभागृहात हशा पिकला. पंचबाईंनी पडदा तपासला, घोडा उचलून मूळ जागी ठेवला, मारलेलं प्यादं परत मांडलं आणि ग्रँडमास्टरांची सत्तावीस मिनिटं घड्याळात भरून दिली. मग कडेचं प्यादं एक घर पुढे गेलं. त्या मिळमिळीत प्याद्याने हळूहळू असा काही गळा आवळला की संध्याकाळी ग्रँडमास्टरांनी डाव सोडला.

संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या बाई जिंकूनही चिडल्या होत्या. "उद्या दुसरं कोणीतरी बसेल इथे. मला फक्त हात हवाय, त्याच्यामागचं डोकं नकोय. कळलं ना?"

"कळलं, मॅडम."

वाईट वाटलंच. लोक पांगल्यावर तो तारा गुंडाळत बसला. तेवढ्यात कोट हातावर टाकून ग्रँडमास्टर परत आले.

"काय राव, जरा थांबला असतात तर काय बिघडलं असतं?"

"म्हणजे?"

"सव्वीस मिनिटं पाचावर धारण बसली होती माझी. मग वाट सापडली. आता चाल करणार, तोच तुमचा हात वर! तो घोडा तिथेच राहिला असता ना, तर आज मी जिंकलो असतो."

"म्हणजे मी हरलो असतो?"

"सपशेल."

ऑपरेटरला हसू आलं. "हरलो असतो तर हरलो असतो हो. तुमच्याकडून हरायला तरी मला कधी कोणी बसवलं असतं?"

ग्रँडमास्टरांनी कोट बाजूला टाकला, सोंगट्या एकेक करून त्या चालीआधीच्या जागी मांडल्या, आणि घोडा प्याद्याच्या घरात नेऊन ठेवला.

"बसा," ते म्हणाले, आणि आपला राजा कोपऱ्यात सरकवला. "हं. आता काय कराल?"

संगणक बंद होता. ऑपरेटरने तारा खाली ठेवल्या, खुर्ची पुढे ओढली आणि टेबलावर दोन्ही कोपरं टेकली. ग्रँडमास्टरांनी घड्याळाची कळ दाबली, आणि या सामन्यात पहिल्यांदाच त्याची स्वतःची मिनिटं जाऊ लागली.