चौदा टक्के पाठ

मी एक जुना फौजी पिठ्ठू आहे. पिठ्ठू म्हणजे सैनिकाच्या पाठीवरची मोठी पिशवी. मला जाड कापडातून शिवलं तेव्हा सोबत हुबेहूब माझ्यासारखे चार हजार भाऊ होते. पुढे फरक पडला तो एवढाच, की कुणाला कुणाची पाठ मिळाली. मला साखरा गावच्या प्रज्ञेशची मिळाली.

मित्रांनो, सतरा वर्षं मी डोंगर चढलो. चढायचा तो, मी नुसता बसलेला असायचो. एका पहाटे नाल्याकाठी गोळीबार सुरू झाला. पुढच्या गड्याचा जबडा उडाला. दुसरी गोळी माझ्या आरपार गेली. प्रज्ञेशने गड्याला खांद्यावर घेतलं, मला उतरवायला सवड नव्हती, आणि तशीच बारा फूट खाली खडकावर उडी टाकली. त्याच्या मणक्याचा आवाज फक्त मला ऐकू आला. गडी तिथेच मेला होता, पण हे प्रज्ञेशला दोन तास चालल्यावर कळलं. त्याचं कौतुक झालं. मला ठिगळ मिळालं.

निवृत्तीच्या वेळी डॉक्टरांच्या मंडळापुढे त्याची पाठ तपासली गेली. मोठ्या साहेबांनी विचारलं, तकलीफ है? समोर साहेब दिसला की फौजी माणसाच्या टाचा आपोआप जुळतात आणि तोंडातून एकच उत्तर निघतं. प्रज्ञेश म्हणाला, नो सर. वाकायला सांगितलं तर त्याने बोटं जमिनीला टेकवून दाखवली. कागदावर अपंगत्व आलं चौदा टक्के. वीसच्या खाली पेन्शनमध्ये काही धरत नाहीत. अपील करायला सहा महिने होते.

त्यातले पाच नुसते गेले. त्याचे वडील किशनराव स्वतः फौजेतले. फौजी कण्हत न्हाई, असं ते रोज जेवताना सांगायचे. राणी, प्रज्ञेशची बायको, त्याला रोज चपला घालून द्यायची आणि अपील करा म्हणायची. मी खुंटीला लटकून होतो. कळ आली की तो काठीने मला बडवायचा. माझं काही नाही, माझं कापड मार खायलाच शिवलेलं आहे.

राणीचं तसं नव्हतं. एका दुपारी तो सोयाबीनचं पोतं उचलायला वाकला आणि तसाच अडकला. सावरायला तिने मागून कमरेला हात लावला. त्याचं कोपर फिरलं. तिचे पुढचे दोन दात सोयाबीनमध्ये पडले. मग त्याने तिला खाली पाडून गळ्यावर गुडघा दिला, आणि तो गळा कुणाचा आहे हे कळेपर्यंत तसाच दाबून ठेवला.

दवाखान्यात जाताना प्रज्ञेशचे फौजेचे कागद माझ्यातच होते. काय झालं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तोंडाला पदर लावून राणी म्हणाली, काही न्हाई, पडले. अगदी ताठ बसून म्हणाली.

मंडळापुढे प्रज्ञेशही असाच ताठ उभा होता.

"खोटं बोलून राहिली, मॅडम," तो म्हणाला. "म्या मारलं. पाठीत कळ उठली की समोर कोण हाय, ते समजत न्हाई मला."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि पोलिसांनाही कळवलं.

घरी अपिलाचा कागद निघाला. किशनराव म्हणाले, दुखणं लिही, मारलेलं लिहू नको, घराण्याचं नाव जाईल. टाके घातलेल्या ओठांनी राणीला धड बोलता येत नव्हतं.

"समदं लिवा," ती म्हणाली. "चौदा टक्क्यात एवढं लागतंय का, हे इचारा त्यांना."

त्याने चार पानं लिहिली. तिने दोनदा वाचली, एका जागी 'धक्का लागला' खोडून 'मारलं' करायला लावलं, मग कपडे आणि अपील माझ्यात भरून मला पाठीवर टाकलं. वाटेत अपील रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि ती पुसेगावला माहेरी गेली. पाठीचा इलाज सुरू झाल्याचा कागद दाखवा, मग बघू, एवढंच सांगून गेली.

फौजेचं आणि राणीचं, दोन्हीकडची उत्तरं अजून यायची आहेत. तोवर मित्रांनो, एक विनंती. तुमच्या घरी कुणी दुखत नाही म्हणून मिरवत असेल तर त्याचं कौतुक करू नका, त्याला दवाखान्यात न्या. आणि त्याची बायको सोबत असेल, तर तिला वेगळ्या खोलीत बसवून विचारा.