आधी खांब तपासा

गेल्या सहलीत गाडीघरातला, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायच्या चाकांवरच्या घरातला, फ्रिज आणि पंखा एकदमच जळाले. मुक्कामाच्या तळावर वीज अचानक वाढली होती. नवरा निवृत्त बसचालक. गाडीघर ओढायचं म्हटलं की वाघ, विजेपुढे मात्र शेळी. तो म्हणाला, आता कंदिलावर भागवू. बायकोनं ते कानाआड केलं.

ती शिवणकाम करायची. दुकानातल्या यंत्रांच्या मोटारी वर्षानुवर्षं स्वतःच दुरुस्त केलेल्या. तिनं वीज वाढली की पुरवठा तोडणारं संरक्षक यंत्र आणलं, सोबतचं माहितीपत्रक दोनदा वाचलं आणि पलंगाखालच्या अरुंद कप्प्यात डोकं खुपसलं. बाहेरची केबल आधीच काढून ठेवली होती, बॅटरीही सोडवली होती. आत येणारी जाड वायर कापून तिनं वरचं आवरण सोललं, कापडाला धक्का न लावता शिवण उसवावी तसं. तिन्ही तारा आपापल्या जागी घट्ट बसवल्या आणि एकेक ओढून पाहिली. बाहेर आली तेव्हा केसांत जळमटं होती आणि चेहरा खुललेला.

पुढच्या सहलीला नणंदही आली. तळावर पोचल्यावर नवऱ्यानं केबल तिथल्या विजेच्या खांबाला जोडली. यंत्रावर लाल दिवा लागला आणि आत अंधारच राहिला. शेजारच्या गाड्यांत मात्र दिवे झगमगत होते.

नवरा हळूच म्हणाला, एखादी तार उलटी लागली असेल, माणूस आहे, चुकतं. नणंदेनं तोडगा सुचवला, ते यंत्र काढूनच टाकावं. बायकोला राग आला. तिनं हत्यारांच्या पेटीतून मीटर काढला आणि थेट खांबावरच लावला. काटा नेहमीच्या खुणेच्या पार पुढे गेला.

"यंत्र बरोबर आहे," ती म्हणाली. "खांब बिघडलाय. रखवालदाराला बोलवा."

रखवालदार कुरकुरत आला. मीटर पाहिला आणि त्यानं आधी मुख्य बटण बंद केलं. खांबावरची पेटी उघडली तर परतीची, म्हणजे न्यूट्रल तार ढिली होऊन काळवंडली होती. "अजून थोडा वेळ गेला असता, तर सगळ्या रांगेतली उपकरणं गेली असती," तो म्हणाला. मग तार बदलेपर्यंत सगळ्यांनी केबली काढून ठेवल्या.

नणंद जवळ येऊन म्हणाली, "वहिनी, मघाशी मी उगाच बोलले."

"अहो ताई, तुम्हाला काय माहीत," ती हसली.

खांब दुरुस्त झाला, हिरवा दिवा लागला. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी विचारलं, हे यंत्र कुठल्या कारागिराकडून बसवून घेतलं? नवऱ्यानं छाती पुढे काढली.

"कारागीर कशाला? घरचीच आहे."

संध्याकाळी तो फोनवर लेकीला सगळं रंगवून सांगत होता. म्हणे आईनं मीटरकडे नुसतं बघितलं आणि रखवालदाराला घाम फुटला. एरवी त्यानं असं तिखटमीठ लावलं की ती लगेच टोकायची. आज आतल्या उजेडात कांदा चिरत ती गप्प ऐकत राहिली.